दुपारचे चार तास

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या घरात सर्वांत आधी कशाची टंचाई भासते, असे कोणी मला विचारले, तर मी औषध, डॉक्टर किंवा पैसा यांपैकी कशाचेही नाव घेणार नाही. टंचाई भासते ती ठरलेल्या दिवशी घरी येणाऱ्या, रुग्णापाशी निवांत बसणाऱ्या आणि तेवढ्या वेळापुरते सांभाळणाऱ्या व्यक्तीला मोकळे करणाऱ्या माणसाची. परभणीत राहून सासूबाईंचा सांभाळ करताना, आणि त्या निमित्ताने जिल्ह्यातल्या इतर कुटुंबांशी ओळख होत गेल्यावर, माझे हे मत पक्के झाले आहे. आपल्याकडे या आजाराविषयी जे काही बोलले जाते ते बहुधा २१ सप्टेंबरला, म्हणजे जागतिक अल्झायमर दिनाला, आणि तेही लक्षणे कशी ओळखावीत एवढ्यापुरतेच. लक्षणे ओळखली, डॉक्टरांनी निदान केले, चिठ्ठी लिहून दिली; त्यानंतरची कित्येक वर्षे कोणी, कशी आणि कोणाच्या जिवावर काढायची, याविषयी त्या चिठ्ठीत काही नसते.

निदानाची पायरी मात्र वगळून चालत नाही, कारण ‘वय झाले, चालायचेच’ या एका वाक्याने आपल्या भागात फार माणसांचे नुकसान केले आहे. स्मृतिभ्रंश हा एकच आजार नव्हे. अल्झायमर हा त्यातला सर्वांत मोठा प्रकार. रक्तदाब आणि साखर वर्षानुवर्षे आटोक्यात नसल्यामुळे मेंदूला लहानलहान झटके येऊन होणारा प्रकारही आपल्याकडे बराच दिसतो. याशिवाय आणखीही प्रकार आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे विसरण्याची काही कारणे उपचारांनी बरी होणारी किंवा किमान सुधारणारी असतात. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता (माळकरी, शाकाहारी घरांतल्या वृद्धांमध्ये हिचा विचार आधी व्हायला हवा), थायरॉइडचा दोष, खोल नैराश्य, पडल्यानंतर डोक्यात हळूहळू साचलेले रक्त, काही औषधांचा परिणाम, ही त्यांतली प्रमुख. म्हणून रक्ताच्या तपासण्या आणि मेंदूचे चित्रण झाल्याखेरीज कोणी नुसते बघून शिक्का मारत असेल, तर दुसरीकडे दाखवावे. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, नांदेड आणि लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये इथे मनोविकार विभाग आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा बाह्यरुग्ण विभाग जिल्हा रुग्णालयात चालतो, आणि २०१०-११ पासून सुरू असलेल्या वृद्धांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमानुसार जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी वेगळा विभाग असणे अपेक्षित आहे. तो आपल्या जिल्ह्यात कोणत्या वारी आणि कोणत्या खोलीत चालतो, हे जाण्याआधी चौकशी करून घ्यावे.

तपासणीविषयी एक गोष्ट माझ्या मनात सलते. जी बाई जन्मात शाळेत गेली नाही, तिला आजची तारीख विचारणे, घड्याळाचे चित्र काढायला सांगणे, शंभरातून सात वजा करत जा म्हणणे, यातून तिच्या स्मृतीपेक्षा तिच्या निरक्षरतेचीच परीक्षा होते. आत्याबाईंना (सासूबाईंना आम्ही याच नावाने हाक मारतो) इंग्रजी महिना कधीच ठाऊक नव्हता. एकादशी कधी आणि बाजार कोणत्या वारी, हे मात्र त्यांना अचूक सांगता यायचे. त्या दोन्ही गोष्टी चुकू लागल्या, तेव्हा काहीतरी बिघडले आहे हे घरातल्यांना कळले. चांगला डॉक्टर हे विचारतो आणि सोबत आलेल्या माणसाचे सविस्तर ऐकून घेतो. म्हणून जाताना, दोन वर्षांपूर्वी जे काम रुग्णाला सहज जमत असे आणि आज जमत नाही, त्याची यादी लिहून न्यावी: भाकरी थापणे, सुटे पैसे मोजणे, शेतातून एकटीने घरी येणे, पाहुण्यांची नाती लावणे. रुग्णासोबत पुण्याहून दोन दिवसांसाठी आलेल्या मुलाने जाण्यापेक्षा रोज घरात असणाऱ्या सुनेने जावे आणि डॉक्टरांपुढे तिनेच बोलावे. डोनेपेझिल, मेमॅन्टिन यांसारख्या गोळ्या काहींना काही काळ उपयोगी पडतात. त्या आजार बरा करत नाहीत आणि थांबवतही नाहीत. हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले जाईल, तर गावोगावच्या ‘खात्रीशीर’ काढ्यांवर जाणारा पैसा वाचेल.

हा शहरी, शिकलेल्या, सुखवस्तू लोकांचा आजार आहे, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाने ती खोटी ठरवली. त्या अभ्यासानुसार भारतात साठ वर्षांवरील ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश असावा. त्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आढळले. खेड्यात राहणारी, न शिकलेली, वय झालेली बाई: मराठवाड्यातल्या कोणत्याही वाडीतल्या ओसरीवर आपल्याला हीच व्यक्ती बसलेली दिसते. आणि गंमत अशी की तिच्याविषयीचा प्रश्न सरकारी कागदावर आधीच छापलेला आहे. आशाताई घरोघर जाऊन तिशीवरील प्रत्येकाचा जो जोखीम-तपासणीचा फॉर्म भरतात, त्यात साठीवरील माणसांसाठी एक प्रश्न असा आहे की, जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता आपण विसरता का? म्हणजे विचारणारी आहे, विचारण्याची पद्धतही ठरली आहे. उत्तर ‘हो’ आले तर पुढे नेमके काय होते, हे मी माझ्या ओळखीच्या आशाताईंना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “मॅडम, आम्ही डॉक्टरांना दाखवा म्हणून सांगतो. मग ते दाखवतात की नाही, ते त्यांच्यावर.” त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. गरोदर बाईसाठी, क्षयरुग्णासाठी पुढची साखळी आखून दिलेली आहे. या आजीबाईसाठी ती कोणी आखलेलीच नाही.

मराठवाड्याची आणखी एक अडचण पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञांच्या बोलण्यात कधी येत नाही. दसऱ्यानंतर बीड जिल्ह्यातून, आणि जालना, परभणी, धाराशिवच्या काही भागांतून, ऊसतोडीसाठी नवरा-बायकोची कोयती (तोडणी करणाऱ्या जोड्या) पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघून जातात. गावात राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी नातवंडे. उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असल्यामुळे मध्येच परत येण्याची सोय नसते. अशा घरात आजीला स्मृतिभ्रंश असेल, तर तिला सांभाळणारी व्यक्ती कोण? बहुतेक वेळा सातवी-आठवीतली नात. चूल पेटती ठेवून आजी उठून गेली तर बघायचे तिने, रात्री दार उघडून आजी निघाली तर उठायचे तिने, आणि सकाळी शाळेत जायचे तेही तिनेच. धारूरकडच्या एका गावात अशा कुटुंबाने शेवटी आजीला सोबत कारखान्याच्या तळावर नेले. अनोळखी कोपी (झोपडी), रोजची नवी जागा, पहाटे दोन-तीनला उठून जाणारी सून, याने आजी इतकी बिथरली की तिला परत गावी आणून जावेच्या दारात ठेवावे लागले. काळजीवाहकांसाठी ‘स्वतःची काळजी घ्या, योग करा, छंद जोपासा’ असे लिहिलेली पत्रके वाचताना मला ही सून आठवते आणि पत्रक पुढे वाचवत नाही.

मग आधारसेवा म्हणायचे तरी कशाला? मोठ्या शहरांत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी दिवसभराची केंद्रे आहेत. मुंबईत डिग्निटी फाउंडेशन असे काम करते, बंगळुरूत नाइटिंगेल्स मेडिकल ट्रस्ट करते. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ साली केरळात सुरू झाली आणि तिच्या शाखा देशभरातल्या अनेक शहरांत आहेत. ही कामे मोलाचीच आहेत. परंतु तशी इमारत जिल्ह्याच्या ठिकाणी उभी राहिली, तरी सेलू किंवा पालमहून रोज म्हाताऱ्या माणसाला एस.टी.ने आणून संध्याकाळी परत नेणे कोणाला जमणार? त्यामुळे आपल्याकडे इमारतीची मागणी आधी करावी, या मताची मी नाही.

मला अधिक शिकवून गेला तो गोव्यातला एक प्रयोग. संगाथ ही संस्था आणि डिमेन्शिया सोसायटी ऑफ गोवा यांनी तो केला आणि त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. त्यात ८१ कुटुंबे होती. त्यांतल्या निम्म्यांच्या घरी सहा महिने एक प्रशिक्षित ‘गृहसेवा सल्लागार’ नियमितपणे जात असे. हे सल्लागार डॉक्टर नव्हते, परिचारिका नव्हते. स्थानिक भाषा बोलणारी, माणसांशी जुळवून घेणारी साधी माणसे होती, आणि त्यांच्या पाठीशी एक समुपदेशक आणि एक मनोविकारतज्ज्ञ होते. ते घरच्यांना आजार समजावून सांगत, अंघोळ, जेवण, शौच यांतल्या रोजच्या अडचणींवर तोडगा काढत, चिडचिड किंवा भटकणे कसे हाताळावे हे दाखवत, शेजाऱ्या-नातेवाइकांना कामात ओढत, सरकारी योजनांची माहिती देत आणि गरज पडली तर तज्ज्ञाकडे पाठवत. सहा महिन्यांनंतर सांभाळणाऱ्यांचे मानसिक आरोग्य दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे सुधारलेले आढळले आणि रुग्णाच्या वागण्यामुळे त्यांना होणारा त्रास कमी झालेला आढळला. रुग्णाचे वागणे स्वतः फारसे बदलले नव्हते. मला हा निष्कर्ष फार प्रामाणिक वाटतो, कारण आमच्या घरचा अनुभवही असाच आहे: आत्याबाई बदलल्या नाहीत, आमचे त्यांच्याशी वागणे बदलले आणि घर राहण्याजोगे झाले.

ते बदलले कशाने, हे थोडे विस्ताराने सांगते, कारण घरी येणारा माणूस नेमके काय शिकवू शकतो हे त्यावरून कळेल. दिवस कलला की आत्याबाई गाठोडे बांधायला घ्यायच्या आणि ‘मला गंगाखेडला जायचंय, दादा वाट बघत असतील’ असे म्हणत दाराशी जायच्या. त्यांचे दादा म्हणजे वडील. त्यांना जाऊन कितीतरी वर्षे झाली. सुरुवातीला घरातला प्रत्येक जण त्यांना खरे सांगायचा आणि दर वेळी त्या वडील नुकतेच गेल्याप्रमाणे रडायच्या. नांदेडच्या एका निवृत्त परिचारिकेने, ज्या आमच्या नात्यातल्या आहेत, आम्हाला सांगितले की वाद घालू नका, खोटेही रचू नका, त्यांना त्यांच्या दादांविषयी विचारा. ‘दादा कसे होते हो? गोदावरीला पूर आला की काय करायचे?’ असे विचारले की त्या बसतात, बोलू लागतात आणि जाण्याचे विसरतात. संध्याकाळी अंधार पडायच्या आत सगळे दिवे लावणे, त्या वेळी टी.व्ही.वरच्या बातम्यांचा गोंगाट बंद ठेवणे आणि हाताला काहीतरी काम देणे, एवढ्याने ती वेळ बरीच सुसह्य झाली. त्यांना वाती वळता येतात, लसूण सोलता येतो, शेंगा फोडता येतात. तूर निवडायला दिली तर खडे डाळीत आणि डाळ खड्यांत जाते, पण त्याने काही बिघडत नाही; ती डाळ नंतर मी पुन्हा निवडते. जात्यावरच्या ओव्या मात्र त्यांना आजही एकामागून एक येतात, माझे नाव येत नसले तरी.

तीच परिचारिका बाई आणखी काही गोष्टी सांगून गेली, ज्या कोणत्याही डॉक्टरांच्या भेटीत कानांवर आल्या नव्हत्या. न्हाणीघराची आतली कडी काढून टाका. स्वयंपाक संपला की गॅसची टाकी रेग्युलेटरपाशी बंद करा. गळ्यातल्या तुळशीच्या माळेत किंवा पदराच्या आतल्या बाजूला नाव आणि फोन क्रमांक असलेली पट्टी शिवा, आणि आताचा फोटो कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यांना, किराणा दुकानदाराला, दूधवाल्याला दाखवून ठेवा. शेजाऱ्यांपासून आजार लपवू नका. लपवलात तर त्या हरवल्याच्या दिवशी कोणी ओळखणार नाही. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, आणि या माणसांना तहान लागल्याचे कळत नाही किंवा सांगता येत नाही, तेव्हा तासातासाला भांडे हातात द्या. आणि सर्वांत महत्त्वाचे: आजार वाढतो तो महिन्या-महिन्यांनी, एका-दोन दिवसांत एकदम बिघाड झाला, माणूस गुंगीत गेला किंवा भलतेच बरळू लागला, तर लघवीतला जंतुसंसर्ग, पाण्याची कमतरता, बद्धकोष्ठ, नवे औषध यांपैकी काहीतरी असते आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. ही एक गोष्ट माहीत नसल्यामुळे माणसे दगावतात.

शांत ठेवणाऱ्या गोळ्यांविषयीही सावध राहावे. रात्रीची झोप उडालेल्या घराला त्या हव्याहव्याशा वाटतात, हे मी समजू शकते. परंतु मानसिक आजारांवरची या प्रकारची औषधे स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढवतात, हे वैद्यकशास्त्रात मान्य झालेले आहे. त्या कधीच देऊ नयेत असे नाही. पण सुरू करताना ‘ही किती दिवसांसाठी आणि थांबवायची कधी’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारलाच पाहिजे, आणि जुनी चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानातून महिनोन् महिने आणत राहू नये.

पगारी मदतीचे म्हणाल, तर छत्रपती संभाजीनगरात माणसे पुरवणाऱ्या एजन्सी आहेत, लातूर-नांदेडलाही आहेत. लहान गावांत तोंडओळखीने एखादी मावशी मिळते. दोन्ही ठिकाणी त्रुटी एकच, की अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे करणे त्यांना येते, हिंडत्या-फिरत्या आणि संशय घेणाऱ्या माणसाचे येत नाही. ‘माझ्या बांगड्या चोरल्या’ असे आजीने म्हटले की मावशी दुसऱ्या दिवशी येत नाही, आणि तिचा अपमान झालेला असतो हेही खरेच. म्हणून कामावर घेतानाच तिला आजार समजावून सांगावा, आधीचे काही दिवस आपण सोबत राहावे, आणि मौल्यवान वस्तू घरातल्यांच्या कुलपात ठेवून तिच्यावर आळ येण्याची वेळच येऊ देऊ नये. वृद्धाश्रमांचा पर्याय सुचवणारे बरेच भेटतात. बहुतेक वृद्धाश्रम चालत्या-बोलत्या, स्वतःचे स्वतः करणाऱ्या माणसालाच प्रवेश देतात, हे सुचवणाऱ्यांना ठाऊक नसते. मनोरुग्णालय ही तर या माणसांची जागाच नव्हे, आणि राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत, मराठवाड्यात एकही नाही.

आता कागदपत्रांचे. हा भाग कंटाळवाणा आहे, पण आजार लक्षात आल्यावर पहिल्या वर्षात हातावेगळा न केल्यास पुढे कुटुंबे यातच अडकतात. बहुतेकांना वाटते की मुखत्यारपत्र करून ठेवले म्हणजे झाले. ते खरे नाही. १८७२ च्या करार कायद्यानुसार, मुखत्यारपत्र देणाऱ्या व्यक्तीचे मन विकल झाले की मुखत्यारी संपुष्टात येते. म्हणजे ज्या दिवसासाठी आपण ते केले, नेमक्या त्याच दिवशी ते निकामी होते. म्हणून समज शाबूत असेपर्यंत मृत्युपत्र डॉक्टरांच्या दाखल्यासह करून घ्यावे, बँकेतले खाते ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ अशा पद्धतीचे संयुक्त करावे, वारसाचे नामनिर्देशन तपासावे, आणि सातबाऱ्यावरचे जे फेरफार रखडले आहेत ते उरकावेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांबाबत आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार दिला आहे. तो उपचारांपुरता आहे, जमिनीच्या व्यवहारासाठी चालत नाही. समज गेल्यावर मालमत्तेचा प्रश्न उभा राहिला, तर पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयात जावे लागते, आणि त्यात काळ व पैसा दोन्ही जातात. भावा-बहिणींत जमिनीवरून आधीच कुरबुर असेल, तर सर्वांना एकत्र बसवून हे करावे; एकट्याने गुपचूप घेतलेला अंगठा पुढे घर फोडतो.

निवृत्तिवेतन असलेल्या घरात नोव्हेंबर हा कसोटीचा महिना. हयातीच्या दाखल्यासाठी आता चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय मोबाइलवर आहे, त्यामुळे बोटांचे ठसे झिजलेल्या माणसाला रांगेत उभे करावे लागत नाही. आणि सत्तरी ओलांडलेल्यांना घरपोच सेवा द्यावी, अशी रिझर्व्ह बँकेची बँकांना २०१७ पासूनची सूचना आहे, ती शाखेत जाऊन नम्रपणे पण ठामपणे सांगावी. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये, सत्तरीपुढील प्रत्येकाला उत्पन्नाची अट न लावता मिळणारे पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे आयुष्मान वय वंदना कार्ड, ही नावे बहुतेकांच्या कानावर आहेत. ज्याची माहिती जवळजवळ कोणालाच नसते ते म्हणजे अपंगत्वाचे प्रमाणपत्र. स्मृतिभ्रंशामुळे येणारे अपंगत्व मोजण्याची पद्धत सरकारने ठरवून दिलेली आहे, आणि ते ४० टक्के किंवा अधिक भरले तर प्रमाणपत्र मिळू शकते. त्याच्या आधारे, प्राप्तिकराची जुनी पद्धत निवडणाऱ्या मुलाला किंवा मुलीला आई-वडिलांच्या देखभालीपोटी ७५,००० रुपयांची, आणि अपंगत्व तीव्र असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट घेता येते. सांभाळ करतात त्या घरातल्या नोकरदार मुला-मुलींनी हे आपल्या कार्यालयातल्या लेखापालाला विचारून पाहावे.

फोनवरचे दोन क्रमांक भिंतीवर लिहून ठेवण्याजोगे आहेत. ज्येष्ठ नागरिकांसाठीचा १४५६७ हा सकाळी आठ ते रात्री आठ चालतो. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते. दुसऱ्या क्रमांकावर रुग्णाविषयीच बोलावे असा नियम नाही. सांभाळणाऱ्या व्यक्तीने स्वतःविषयी बोलावे, आणि मी ज्या बायकांना ओळखते त्यांच्यापैकी बहुतेकींनी खरे तर तेच करायला हवे. झोप नाही, कोणाकडे जाता येत नाही, लेकीच्या बाळंतपणाला थांबता येत नाही, आणि सणावाराला आलेले दीर-नणंदा दोन दिवसांत ‘वहिनी, आई वाळल्या हो’ असे म्हणून परत जातात. पुण्याच्या भावाने पैसे पाठवायचे आणि गावच्या सुनेने करायचे, ही वाटणी आपल्याकडे इतकी रुळली आहे की तिच्यात अन्याय आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. आमच्या घरी मी एकदा सगळ्यांना बसवून स्पष्ट सांगितले की मला पैसे नकोत, मला रजा हवी आहे. आता दिवाळीच्या सुटीत आणि मे महिन्यात धाकटे दीर-जाऊ इथे येऊन राहतात आणि मी माहेरी जाते. त्यांनी आत्याबाईंना पुण्याला नेऊन पाहिले होते. चौथ्या मजल्यावरच्या बंद घरात त्या दोन रात्री झोपल्या नाहीत, तेव्हा माणसे हलवायची ती धडधाकट हलवावीत, असे ठरले.

गोव्याचा तो प्रयोग आपल्याकडे कोण करू शकेल, याचा विचार मी वारंवार करते. आशाताईंवर आधीच कामाचा बोजा आहे आणि मानधनासाठी त्यांना मोर्चे काढावे लागतात. त्यांच्या फॉर्मांत आणखी एक भर घालून उपयोग नाही. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या कामांत वृद्धांची आणि मानसिक आरोग्याची सेवा लिहिलेली आहे, तेव्हा आशाताईंना ‘हो’ असे उत्तर मिळाले की त्या घरी पहिली भेट त्याने द्यावी, आणि पुढच्या भेटींसाठी गावातल्या बचत गटातल्या, बारावीपर्यंत शिकलेल्या एका बाईला जिल्हा मानसिक आरोग्य पथकाने शिकवून तयार करावे, तिला दर भेटीमागे पैसे द्यावेत. ऊसतोडीच्या गावांत तर दसऱ्याच्या आधीच अशा घरांची यादी ग्रामपंचायतीकडे असायला हवी. हंगामी वसतिगृहांची कल्पना त्या गावांना परिचित आहे. मुलांची सोय होते तशी म्हाताऱ्या माणसांच्या दोन वेळच्या जेवणाची आणि रात्रीच्या सोबतीची का होऊ नये?

सरकारी हालचाल होईल तेव्हा होईल. आमच्या भागात तूर्त तीन कुटुंबांनी आपापसांत पाळी लावली आहे: मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी बारा ते चार एका घरातल्या दोघी बाकीच्या दोन्ही घरांच्या रुग्णांना सांभाळतात आणि उरलेल्या मोकळ्या होतात. त्या चार तासांत कोणी बँकेत जाते, कोणी दात दाखवून घेते, एक जण सरळ झोपते. तिन्ही रुग्ण एका खोलीत मावत नाहीत आणि आत्याबाईंचे दुसऱ्या घरच्या आजोबांशी पटत नाही, म्हणून आम्ही ज्येष्ठ नागरिक संघाकडे त्यांचे विरंगुळा केंद्र मागितले. जागा द्यायला संघ तयार आहे. अडले आहे ते शौचालयापाशी: तीन पायऱ्या चढून जावे लागते, भांडे भारतीय पद्धतीचे आहे आणि धरायला कठडा नाही. रॅम्प आणि कठड्यासाठी गवंड्याने अंदाजपत्रक दिले आहे, कमोडची खुर्ची एका निवृत्त शिक्षकाने देऊ केली आहे, आणि केंद्राच्या मुख्य दाराला बाहेरून नव्हे तर आतल्या बाजूने उंचावर कडी बसवायची, एवढे ठरले आहे. संघाच्या येत्या मासिक बैठकीत खर्चाची मंजुरी मागायची आहे.